दगडाच्या नावावर हरताळ



आजीच्या काळातली पितळेची पातेली अजून तुमच्या घरात असतील, तर ‘कळकणं’ हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते आणि भांड्याच्या कडेला हिरवट डाग धरतो. तांब्याचा हंडा पावसाळ्यात नुसता ठेवला तरी त्यावर हिरवं चढतं. म्हणून आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय: हिरवं-निळं दिसलं की तिथे तांबं असणार.

आता समजा, सहलीला गेलेली तुमची मुलगी एक दगड घेऊन आली. दगडाच्या भेगेत मोहरीहूनही बारीक, हिरवेगार स्फटिक चमकताहेत. ती विचारते, “आई, याचं नाव काय गं?” तुम्ही मोबाइलवर फोटो काढता, ॲपमध्ये टाकता आणि दोन सेकंदांत एक नाव समोर येतं. त्या नावावर विश्वास ठेवायचा का?

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. तांबं आणि आर्सेनिक यांचं एखादं हिरवं खनिज सापडलं, तर ते कुठलं आहे हे कसं ओळखतात? ते जगाला माहीत नसलेलं, अगदी नवं आहे हे कोण ठरवतं? आणि एकदा दिलेलं नाव कायम राहतं का? उत्तर शोधायला आधी पुण्याजवळच्या वाघोलीला जाऊ, मग रशियातल्या एका ज्वालामुखीवर आणि शेवटी नागपूरच्या शेजारच्या सितापारला. तिथली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली.

रंग फसवतो

वाघोलीच्या दगडखाणींत काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये एक गडद निळं खनिज मिळतं. मोरपिसाच्या डोळ्याला असतो तसा निळा रंग, आणि पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले छोटे छोटे गोळे. जगभरचे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. पाहणारा सहज म्हणेल, “तांबं असणार!” पण यात तांबं नाही. हा निळा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूचा आहे. खनिजाचं नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची पहिली अक्षरं जोडून ते केलंय. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून १९७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पण सगळ्यात देखणे नमुने आपल्या वाघोलीचे.

म्हणजे रंगावरून ओळख चुकू शकते. मग त्यात काय काय आहे ते तपासलं की झालं? तेवढ्यानेही भागत नाही. वाघोलीत कॅव्हन्साइटच्या जोडीला पेन्टॅगोनाइट नावाचं आणखी एक निळं खनिज मिळतं. त्याचे घटक तेच, प्रमाणही तेच. फरक एवढाच की आतले अणू वेगळ्या पद्धतीने जोडलेले आहेत. पेन्टॅगोनाइटचे जुळे स्फटिक आडवे पाहिले तर पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात, त्यावरून त्याचं नाव पडलं.

हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. रवा, तूप आणि साखर घेतली. एका गॅसवर शिरा झाला, दुसऱ्यावर रव्याचा लाडू. सामान तेच, पण ताटात वाढल्यावर तुम्ही दोघांना एकाच नावाने हाक माराल का? खनिजांचंही तसंच आहे. सामान कुठलं आणि ते कसं रचलंय, या दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय नाव देता येत नाही.

सोमल, हरताळ आणि हिरवे स्फटिक

आता तांब्याच्या आर्सेनेटकडे वळू. आर्सेनिक आपल्याला अगदीच परकं नाही. जुन्या गोष्टींमध्ये विष म्हणून येतो तो सोमल आर्सेनिकचाच. पिवळा हरताळ हेही आर्सेनिकचं खनिज. पूर्वी पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देऊन ती झाकत, म्हणून एखादी गोष्ट पुसून टाकण्याला आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो. हा वाक्प्रचार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आर्सेनिकच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू बसले की आर्सेनेट तयार होतं. त्याला तांब्याची जोड मिळाली की बहुतेक वेळा हिरवी किंवा निळी खनिजं बनतात. जमिनीखालच्या तांब्याच्या आणि आर्सेनिकच्या खनिजांपर्यंत हवा-पाणी पोचलं की वरच्या भागात असे स्फटिक वाढतात. यातलं सगळ्यात परिचित खनिज म्हणजे ऑलिव्हेनाइट. ऑलिव्हसारखा हिरवा रंग म्हणून हे नाव. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या जुन्या तांब्याच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

पण ऑलिव्हेनाइटचे नातलग पुष्कळ. त्यातल्या आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस आला की लिबेथेनाइट होतं, तेही हिरवंच. तांब्याच्या दोन जागांपैकी एका जागेवर जस्त बसलं की झिंकोलिव्हेनाइट होतं. त्याला वेगळं खनिज म्हणून मान्यता मिळाली ती २००६ मध्ये. नियम साधारण सोसायटीच्या निवडणुकीसारखा आहे: स्फटिकातल्या प्रत्येक प्रकारच्या जागेवर ज्या मूलद्रव्याचं बहुमत, त्यावरून खनिज ठरतं. नुसत्या डोळ्यांनी हे मतदान मोजता येत नाही, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला तर नाहीच नाही.

रशियाच्या कामचाटका भागात टोल्बाचिक नावाचा ज्वालामुखी आहे. १९७५-७६ मध्ये तिथे मोठा उद्रेक झाला. त्यात तयार झालेल्या एका टेकडीच्या भेगांमधून अजूनही गरम वायू बाहेर येतात. यातल्या एका जागेत इतकी आर्सेनेट खनिजं सापडली की तिचं नावच ‘आर्सेनात्नाया’ पडलं. तिथे मिळालेल्या दोन खनिजांना २०१३ मध्ये मान्यता मिळाली: एरिकलाक्समनाइट आणि कोझिरेव्हस्काइट. दोन्ही हिरवी. दोन्हींत तांब्याचे चार अणू, आर्सेनेटचे दोन गट आणि एक सुटा ऑक्सिजन, असा हिशोब तंतोतंत सारखा. पण रचना वेगळी, म्हणून नावं दोन. आपल्या वाघोलीच्या जोडीसारखीच ही जोडी!

ओळख पटवण्याची पद्धत

प्रयोगशाळेत हे काम कसं चालतं?

सुरुवात साधी असते. रंग, चकाकी, नखाने किंवा सुईने ओरखडा उठतो का, पांढऱ्या खडबडीत फरशीवर घासल्यावर कुठल्या रंगाची रेघ उमटते, हे सगळं पाहतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकातून प्रकाश कसा वळतो ते मोजतात.

मग घटकांची पाळी. खनिजाचा कण घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकतं. त्यावरून तांबं किती, आर्सेनिक किती हे कळतं. पण या यंत्राला हायड्रोजन दिसत नाही, म्हणजे खनिजात पाणी असलं तर ते सुटून जातं. त्यासाठी लेझर किंवा अवरक्त किरणांची वेगळी तपासणी करावी लागते. तांब्याच्या कितीतरी आर्सेनेटांमध्ये पाणी असतं, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही.

शेवटी रचना. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते आतल्या अणूंच्या ओळींवरून ठरावीक कोनांत विखुरतात. त्या ठिपक्यांच्या नक्षीवरून कुठला अणू कुठे बसलाय हे गणिताने काढता येतं. माहीत असलेल्या सगळ्या खनिजांच्या नक्ष्यांची नोंद उपलब्ध आहे. तिच्याशी ताडून पाहिलं आणि कुणाशीच जमलं नाही, तरच ‘हे नवं असावं’ असं म्हणायचं.

एवढं करूनही शोधणारा स्वतः नाव जाहीर करू शकत नाही. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेची एक समिती आहे. वेगवेगळ्या देशांचे तज्ज्ञ तिथे प्रत्येक प्रस्तावावर मत देतात आणि मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागतात. शोधणाऱ्याला खनिजाला स्वतःचं नाव देता येत नाही. हयात माणसाचं नाव द्यायचं तर त्याची परवानगी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या नमुन्यावरून वर्णन केलं, तो मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. हा नियम का आहे, हे सितापारच्या गोष्टीतून कळतं.

सितापारची गोष्ट

मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा नागपूरला लागून आहे. त्याच्या दक्षिणेला, २०२३ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या सौंसर आणि पांढुर्ण्याच्या बाजूला, आजही घराघरात मराठी बोलली जाते. शंभर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींचा अभ्यास केला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या लुईस ली फर्मर या तरुण इंग्रजाने. १९०२ मध्ये तो खात्यात आला आणि १९०९ मध्ये त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ निघाला. तुम्ही इंग्रजी प्रवासवर्णनं वाचत असाल, तर पॅट्रिक ली फर्मर हे नाव ओळखीचं असेल. लुईस हे त्याचे वडील.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या सितापारच्या मँगनीजमध्ये एक फिकट गुलाबी-पांढरं खनिज होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या हर्बर्ट स्मिथ आणि जॉर्ज प्रायर यांनी ते तपासलं. त्यात कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, आर्सेनेट आणि फॉस्फेट निघालं. तांबं नव्हतं, पण होतं आर्सेनेटच. १९१० मध्ये त्यांनी त्याला फर्मरचं नाव दिलं: फर्मोराइट. गंमत म्हणजे हे खनिज अ‍ॅपेटाइट नावाच्या कुटुंबातलं आहे, आणि आपले दात-हाडं ज्या खनिजाची बनतात तेही याच कुटुंबातलं. तुमच्या दातांचा एक लांबचा भाऊ सितापारच्या खाणीत होता म्हणा ना!

आता तारखा बघा. खनिजाला नाव मिळालं १९१० मध्ये. स्फटिकावर क्ष-किरण सोडून आतली रचना कळू शकते, हे जगाला समजलं १९१२ मध्ये. म्हणजे स्मिथ आणि प्रायर यांनी घटक काटेकोर मोजले, पण आत डोकावून पाहायचं साधन तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं.

त्यानंतर बराच काळ गेला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या फ्रँकलिन इथून एका खनिजाचं वर्णन झालं. तेही कॅल्शियमचं आर्सेनेट, तेही अ‍ॅपेटाइट कुटुंबातलं. तिथल्या खनिज संग्रहालयाशी जोडलेल्या जॉन बौम यांच्यावरून त्याला जॉनबौमाइट म्हणू लागले. १९९१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी फर्मोराइटच्या मूळ नमुन्याची रचना क्ष-किरणांनी सोडवली. इतक्या वर्षांनी हे जमलं, कारण नमुना जपून ठेवलेला होता. आणि २०१० मध्ये सगळ्या अ‍ॅपेटाइट कुटुंबाची नावं नव्याने लावताना निर्णय झाला की फर्मोराइट आणि जॉनबौमाइट ही एकाच खनिजाची, जेमतेम फरकाची दोन रूपं आहेत. दोन स्वतंत्र नावांची गरज नाही. फर्मोराइटचं नाव झालं ‘जॉनबौमाइट-एम’.

बरोबर शंभर वर्षांनी आर्सेनिकच्या एका खनिजाच्या नावावर हरताळ फासला गेला, तोही त्याच्याहून सत्तर वर्षांनी लहान नावाने!

सितापारचं हे दुसरं नुकसान. फर्मरने तिथल्याच आणखी एका खनिजाला गावाचं नाव दिलं होतं, सितापाराइट. पुढे कळलं की ते अमेरिकेत १८९७ मध्येच सापडलेलं बिक्सबाइट आहे. पुण्याचंही असंच झालंय. ब्रूक नावाच्या इंग्रज खनिजतज्ज्ञाने १८३१ मध्ये पुण्यावरून ‘पूनालाइट’ असं नाव दिलं होतं. ते निघालं मेसोलाइट. आज पूनालाइट फक्त जुन्या पुस्तकांत सापडतं.

नाव टिकतं कधी?

सगळीच नावं पुसली जात नाहीत. फर्मरने १९०६ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या काजलीडोंगरीच्या एका मँगनीज खनिजाला आपल्या खात्याच्या प्रमुखाचं, थॉमस हॉलंडचं नाव दिलं होतं. हॉलंडाइट हे नाव आजही कायम आहे.

या हॉलंडचा माझ्या सध्याच्या पत्त्याशीही संबंध आहे. मी हे लिहितेय चेन्नईच्या पश्चिमेच्या इरुंगाट्टुकोट्टैहून. इथे कारखाने आणि कंटेनरच्या रांगा. पण शहराकडे गेलं की सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरमच्या टेकड्या लागतात. तिथला काळसर, कठीण दगड हॉलंडने अभ्यासला आणि त्याला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिलं. कारण कोलकात्यात असलेल्या जॉब चार्नोकच्या कबरीचा दगड त्याच जातीचा होता. चेन्नईची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. फक्त एक लक्षात घ्या: चार्नोकाइट हे खनिज नाही, तो खडक आहे. खनिज म्हणजे एक जिन्नस, खडक म्हणजे अनेक जिन्नस मिळून झालेली मिसळ.

तुम्ही म्हणाल, नाव हे असलं काय, ते असलं काय, आपल्याला काय फरक पडतो? आर्सेनिकच्या बाबतीत पडतो. खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगात आर्सेनिक आहे एवढं कळून पुरत नाही. ते कुठल्या खनिजात बांधलेलं आहे, यावर ते पावसाच्या पाण्यात किती सहज उतरेल हे ठरतं. काही खनिजं त्याला घट्ट धरून ठेवतात, काही लवकर सोडतात. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी आहे. ढिगाखालच्या गावातली विहीर सुरक्षित आहे का, हे सांगण्याआधी त्या खनिजाची खरी ओळख पटावी लागते.

आणि ओळखीत गल्लत फक्त माणसांचीच होते असं नाही. आर्सेनेट आणि फॉस्फेट आकाराने आणि वागण्याने इतके सारखे आहेत की फर्मोराइटमध्ये ते एकमेकांच्या जागा घेऊन बसले होते. आपल्या शरीरातही हाच घोळ होतो. पेशी आर्सेनेटला फॉस्फेट समजून आत घेतात आणि मग त्यांचं ऊर्जेचं काम बिघडतं. आर्सेनिक विषारी असण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तुमच्या हातातल्या दगडासाठी

पुन्हा तुमच्या मुलीच्या दगडाकडे येऊ. तो फेकू नका, आणि घाबरूही नका. चार गोष्टी मात्र पाळा.

एक, अनोळखी हिरवा-निळा दगड चाटायचा नाही, पाण्यात टाकून ते पाणी प्यायचं नाही, घरी कुटायचा किंवा तापवायचा नाही. आर्सेनिकचं खनिज तापवलं तर विषारी धूर निघतो. दगड हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान बाळाच्या हाती तो देऊ नका.

दोन, ॲपने सांगितलेलं नाव अंदाज म्हणून घ्या. आता तुम्हाला माहीत आहे की फोटोत फक्त रंग आणि आकार येतात, अणूंची रचना येत नाही.

तीन, खरंच उत्सुकता असेल तर जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात दाखवा. दगड घेऊन आलेलं मूल पाहून तिथल्या प्राध्यापकांना आनंदच होईल.

आणि चार, सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. एका कागदावर लिहा: कुठे सापडला, गाव कोणतं, तारीख काय, कोणी उचलला. ती चिठ्ठी दगडाबरोबर डबीत ठेवा. कुठून आला हे माहीत नसलेला दगड फक्त शोभेचा. चिठ्ठी असलेला दगड पुरावा होतो.

सितापारच्या त्या गुलाबी-पांढऱ्या खनिजाचं नाव गेलं. पण नमुना होता आणि त्याचं गाव नोंदलेलं होतं, म्हणून त्याची खरी ओळख शंभर वर्षांनी का होईना, पटली. नाव पुसलं तरी जॉनबौमाइट-एम पहिल्यांदा कुठे मिळालं याचं उत्तर आजही सितापार हेच आहे.

तर या रविवारी मुलांच्या कंपासपेटीत, टेरेसवरच्या कुंड्यांत, शोकेसच्या कोपऱ्यात जमलेले सगळे दगड बाहेर काढा. कुठला कुठून आणला ते आठवतंय का, विचारा. जेवढे आठवतील तेवढ्यांच्या चिठ्ठ्या आजच करून टाका, कारण पुढच्या वर्षी ते आठवणार नाही. भेटूया पुढच्या भागात!